पदराचा भार

धाकट्या बहिणीचं स्तनाचं ऑपरेशन होतं. मी बाहेर बाकावर बसले होते. शेजारच्या बाईंनी साडीचा पदर दोन बोटांनी छातीपासून दूर धरला होता. माझी नजर पाहून त्या म्हणाल्या, “माझं स्तनाचं ऑपरेशन झालंय. गाठ गेली, जखम कधीच भरली. पण पदर टेकला की अजून आग होते.”

मी सांगितलं, आत माझ्या बहिणीचंही तेच आहे; तिला ऑपरेशनआधी बरगड्यांपाशी इंजेक्शन देऊन तिथल्या नसा बधिर करणार आहेत. त्यामुळे असं दुखणं मागे लागायची शक्यता कमी होते.

त्यांनी बोटांतला पदर सावरला. मग म्हणाल्या, “मला नाही हो कुणी दिलं.”

“त्यानं टळेलच असं नाही, डॉक्टरच म्हणाले,” मी घाईनं म्हटलं.

“नसतं टळलं तर नसतं. पण असं दुखतं, हे तरी कुणी मानलं असतं. घरी म्हणतात, वाचलीस ना, मग आता काय?”

माणूस वाचलं की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि आपापल्या कामाला लागतात. पुढचं ज्याचं त्यानं सोसायचं.

धीर द्यावा म्हणून मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या चटकन बाजूला सरकल्या.

“नको हो,” त्या म्हणाल्या, “तिथंही दुखतं.”