सहा वर्षं अंडर प्रोसेस

मैथिली दिघे दुसऱ्याचा व्हिसाचा अर्ज अकरा मिनिटांत भरते.

शारजाच्या रोला भागात झुबेरभाईंचं टायपिंग सेंटर आहे. सरकारी अर्ज अरबीत भरून देणारी अशी दुकानं तिथं गल्लोगल्ली आहेत. कॉलेज सुटलं की मैथिली तिथं तिसऱ्या खुर्चीवर बसायची. गवंडी रत्नागिरीचा असो की ड्रायव्हर पेशावरचा, त्याचं नाव अरबीत कसं उतरवायचं ते तिला विचारावं. अरबी सगळ्यांनाच शाळेत होतं. बाकीची मुलं मार्कांपुरती शिकली. ही मनापासून शिकली.

तिचा स्वतःचा व्हिसा सहा वर्षांपूर्वी संपला होता.

हे झुबेरभाईंना ठाऊक नव्हतं. कॉलेजात ठाऊक नव्हतं. अल मजाजला खाडीकाठच्या ज्या एकोणीस मजली इमारतीत दिघे राहत होते, तिथं तर कुणालाच नव्हतं. ती दहावीत असताना तिचे बाबा, शैलेंद्र दिघे, अबुधाबीच्या एका कंत्राटी कंपनीत होते. एका गुरुवारी मालक गेला तो परत आलाच नाही. ऑफिसला कुलूप लागलं, लायसन्स संपलं. बाबांचा व्हिसा कंपनीच्या नावावर, आई आणि मैथिलीचा बाबांच्या नावावर. वरचं गेलं तसं खालचंही गेलं.

चाळीस माणसं होती त्या कंपनीत. कुणी दुसरीकडे चिकटलं, कुणी भारताचं विमान पकडलं. दिघे थांबले. मालक असा माणूस नाही, म्हणाले. येईल. महिना गेला, वर्ष गेलं. मग सांगण्याची वेळच टळून गेली.

रोज सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालायचे. बंद पडलेल्या कंपनीचं कार्ड निळ्या पट्ट्यानं गळ्यात अडकवायचे आणि निघायचे. कुणा कुणा छोट्या कंत्राटदारांची एस्टिमेट्स ते कॅफेत बसून करून द्यायचे. लिफ्टमध्ये त्याच इमारतीत राहणारे, मराठी मंडळाचे सेक्रेटरी सुजीत पाटणकर भेटायचे.

"काय शैलेंद्र, झालं का व्हिसाचं?"

"अंडर प्रोसेस."

शाळेनं एमिरेट्स आयडीची, म्हणजे रहिवासी कार्डाची, कॉपी मागितली, तेव्हाही अंडर प्रोसेस. कॉलेजनं मागितली, तेव्हाही. पहिली दोन वर्षं मैथिलीला ते खरंच वाटत होतं. कुठल्यातरी टेबलावर आपली फाइल आहे आणि ती पुढे सरकते आहे, अशी तिची समजूत होती. झुबेरभाईंकडे कामाला लागल्यावर तिला कळलं की फाइल म्हणजे काय. आणि आपली फाइल कुठंच नाही.

कॉलेजचं काय सांगावं! तीन वर्षं त्यांनी तिला वर्गात बसू दिलं, परीक्षा देऊ दिल्या, पहिल्या नंबरचं सर्टिफिकेट स्टेजवर दिलं. शेवटच्या वर्षी करिअर सेलनं एक गुळगुळीत पुस्तिका वाटली. तुमच्यापुढचे पर्याय. इंटर्नशिप, नोकरी, पुढचं शिक्षण, फ्रीलान्स परमिट. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एकच ओळ: सोबत चालू एमिरेट्स आयडीची प्रत जोडावी. बावीस पानं आणि तीच ओळ बावीस वेळा. सेलच्या बाईंनी तिला प्रेमानं विचारलं, "सो मैथिली, व्हॉट इज युअर प्लॅन?" प्लॅन! मोजून चार पर्याय होते तिच्यापुढे. इमारतीतल्या मुलांच्या शिकवण्या घेणं. श्रीमंत मुलांची असाइनमेंट्स लिहून देणं. झुबेरभाईंच्या लॉगिनवर दुसऱ्यांचे अर्ज भरणं. आणि चौथा तिला आईच्या मैत्रिणीनं सुचवला होता. "चांगला मुलगा बघ, नवऱ्याबरोबर व्हिसा येतोच." एकवीस वर्षांची मुलगी, वर्गात पहिली, आणि तिला स्थळाकडे कागद म्हणून बघायला सांगतात.

सप्टेंबरात सरकारनं सवलत जाहीर केली. ज्यांचे व्हिसा संपलेत त्यांनी पुढे या. दंड माफ. नवा मालक असेल तर इथंच राहा, नसेल तर नावावर डाग न लागता घरी जा.

मैथिली त्या दिवशी धावतच घरी आली.

"बाबा, अ‍ॅम्नेस्टी!"

"ऐकलं मी."

"मग उद्या जाऊ या?"

"ते लेबर लोकांसाठी असतं, मैथिली. उन्हात तंबूत उभं राहायचं, हातात टोकन घेऊन. आपण तसले नाही."

"मग आपण कसले आहोत?"

दिघ्यांनी पेपर उघडला. "आपलं अंडर प्रोसेस आहे."

आधी मुदत ऑक्टोबरअखेरपर्यंत होती. ती वर्षअखेरपर्यंत वाढली. "बघ," दिघे म्हणाले, "अजून वाढेल."

ते चार महिने झुबेरभाईंच्या दुकानात उभं राहायला जागा नसायची. मैथिलीनं तसल्या लोकांचे अर्ज भरले. अडीचशेच्या वर. तसल्या लोकांना स्वतःबद्दल खोटं बोलायला वेळ नव्हता. ते यायचे, पासपोर्ट टेबलावर टाकायचे आणि म्हणायचे, "तीन वर्षं झाली ताई, कंपनी पळाली. काय करायचं सांगा."

ऑक्टोबरातच तिनं जुमेरा लेक टॉवर्समध्ये इंटर्नशिप मिळवली. कॉलेजच्या नाही, स्वतःच्या जिवावर. जहाजांच्या मालाचे कागद करणारी छोटी कंपनी. मॅनेजर संपदा रेगे पुण्याच्या, बोलायला फटकळ. खाली रिसेप्शनवर आयडी ठेवून घेतल्याशिवाय पास मिळत नसे. मैथिली कॉलेजचं कार्ड पुढे करायची, गार्ड नाही म्हणून मान हलवायचा, आणि संपदाताई तेवीस मजले खाली उतरून तिला वर घेऊन जायच्या. तीनदा उतरल्यावर त्यांनी विचारलंच.

"तुझा व्हिसा अडकलाय कुठं?"

"बाबांच्या कंपनीत. अंडर प्रोसेस."

"मग होऊ दे आधी. एका माणसाच्या दोन फाइली चालत नाहीत. हातात पडला की सांग, त्याच दिवशी ऑफर लेटर देते. तुझ्यासारखं अरबी इथं कुणाला येत नाही."

मैथिलीनं मान डोलावली. खरं सांगितलं असतं तर त्याच दिवशी बाहेर काढलं असतं, असं तिला वाटलं. बाबांवर ती इतकी चिडायची. पण वेळ आली तेव्हा तिच्याही तोंडातून तेच दोन शब्द आले.

मुदत मंगळवारी संपत होती. सोमवारी सकाळी गणू आला. गणू मालवणचा, सुतारकाम करणारा. त्याचा अर्ज मैथिलीनंच भरला होता. नवा मालक मिळाला होता, कार्ड खिशात होतं. त्यानं खाज्याचा पुडा टेबलावर ठेवला.

"घ्या ताई. गावचा आहे, मित्र घेऊन आला. तुमच्यामुळं झालं."

"माझ्यामुळं काय, तुम्ही वेळेवर आलात."

"तुमचं कार्ड कुठल्या कंपनीचं?" त्यानं सहज विचारलं.

"माझं अंडर..." मैथिली थांबली.

गणू हसायचा थांबला. "आमच्या खोलीत पण एक होता अंडर प्रोसेसवाला. त्याला मागच्या साली गाडीत घालून नेला."

झुबेरभाईंनी चष्मा काढला. "बेटी, ये क्या बोल रहा है?"

मैथिलीनं सांगितलं. सहा वर्षांचं, तीन वाक्यांत. सांगायला तेवढंच होतं.

"चार महीने!" झुबेरभाई ओरडले. रांगेतली माणसं मागे सरली. "चार महीने मेरे सामने बैठ के सबका फॉर्म भरा, और अपना नहीं? तेरे बाप को क्या लगता है, शर्म से वीज़ा लगता है?" मग आवाज खाली आला. "ऑफर है कहीं से? तो फ़ोन लगा. यल्ला, जल्दी!"

संपदाताईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी तीन महिने वाट बघत होते ती कुणाची? बंद पडलेल्या कंपनीची?"

"मला वाटलं तुम्ही काढून टाकाल."

"टाकलं असतं कदाचित. कदाचित नसतं. मला ठरवू तर द्यायचंस! तूच माझ्या वतीनं ठरवून मोकळी." फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "दुपारपर्यंत मालकांची सही घेते. बाकीचं तू बघ."

तीन वाजता लेटर आलं. मैथिलीनं पहिल्यांदा स्वतःचा अर्ज उघडला. स्वतःचं नाव अरबीत टाइप केलं. पासपोर्टचा नंबर टाकल्यावर स्क्रीनवर लाल ओळ आली. ती बाबांच्या जुन्या, बंद न केलेल्या फाइलबद्दल होती. बाबा स्वतः काउंटरवर येऊन आपली फाइल मिटवत नाहीत, तोवर तिची सुटत नव्हती.

घरी बाबा खुर्चीत होते. तिनं दोन्ही अर्ज, स्वतःचा आणि आईबाबांचा, पुढे ठेवले.

"वाढेल मुदत," ते म्हणाले.

"नाही वाढली तर?"

"दरवेळी वाढते. त्या रांगेत ओळखीचं कुणी बघितलं तर काय सांगायचं? तीस वर्षं या देशात मान आहे आपला."

आई, प्रमिलाबाई, आत उद्याचा शर्ट इस्त्री करत होती. तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं. बाहेर आली, अर्धा इस्त्री केलेला शर्ट घेऊनच.

"सहा वर्षं मी हा शर्ट इस्त्री करतेय. कुठल्या ऑफिससाठी, ते एकदा सांगा मला."

दिघ्यांनी अर्ज बाजूला सरकवले.

"पोरीचं आयुष्य तुमच्या मानाखाली दाबून ठेवलंय आपण. मी पण ठेवलंय, गप्प राहून. उद्या सातला निघायचं. तुम्ही नाही आलात तर मी जाते आणि तिथं सगळं सांगते, मोठ्यानं, मराठीत."

मंगळवारी सातला तंबूबाहेर चारशे माणसं होती. दिघे इस्त्रीच्या शर्टात, गळ्यात कार्ड. त्यांच्यापुढे टोपी आणि काळा चष्मा घातलेला एक माणूस मान खाली घालून उभा होता. रांग पुढे सरकली तसा तो वळला. सुजीत पाटणकर.

"शैलेंद्र? तू इथं?"

"सोडायला आलो होतो. एकाला. आणि तू?"

"मी पण. सोडायलाच."

दोघांच्याही मुठीत टोकन होतं. प्रमिलाबाईंना हसू आवरेना. मैथिलीला मात्र हसू आलं नाही. दोन शिकलेले पुरुष, एकाच इमारतीतले, सहा वर्षं लिफ्टमध्ये एक तेच विचारत होता आणि दुसरा तेच उत्तर देत होता. एकानं जरी खरं सांगितलं असतं, तरी दोन घरं सुटली असती.

काउंटरवरच्या बाईंनी अरबीत विचारलं, इतकी वर्षं का आला नाहीत? दिघ्यांनी तोंड उघडलं. "मॅडम, अंडर प्रो..."

मैथिलीनं अरबीत उत्तर दिलं. "लाज वाटली म्हणून."

बाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि शिक्का उचलला. दिघ्यांना नवा मालक नव्हता. त्यांना आणि प्रमिलाबाईंना चौदा दिवसांत देश सोडायचा होता. मैथिलीचा अर्ज नव्या कंपनीच्या नावावर घेतला गेला. तिघांचं मिळून बावीस मिनिटांत झालं. सहा वर्षं जे होत नव्हतं ते बावीस मिनिटांचं काम होतं. सप्टेंबरात आले असते, तर नोकरी शोधायला बाबांनाही चार महिने मिळाले असते. आता चौदा दिवस.

नोकरीची बातमी कॉलेजला कुठून कळली कोण जाणे. करिअर सेलच्या बाईंचा मेल आला. फोटो पाठव, यशस्वी विद्यार्थ्यांच्या बोर्डावर लावायचाय. सोबत चालू एमिरेट्स आयडीची प्रत जोडावी. मैथिलीनं तो मेल उत्तर न देता पुसून टाकला.

निघायच्या सकाळी प्रमिलाबाईंनी शर्ट इस्त्री केला नाही. दिघ्यांनी बॅगेतला चुरगळलेला शर्ट चढवला आणि सवयीनं निळा पट्टा गळ्यात घातला. टॅक्सी खाली आली होती. मैथिलीला त्यांना कितीतरी बोलायचं होतं. ती पुढे गेली आणि तिनं त्यांच्या गळ्यातलं कार्ड काढून घेतलं.

त्यांनी ते काढू दिलं.

लिफ्टमध्ये आठव्या मजल्यावर कुणीतरी शिरलं. "काय दिघेसाहेब, बॅगा घेऊन? व्हिसाचं झालं का?"

"नाही झालं," दिघे म्हणाले. "आम्ही चाललो. मुलीचं झालं."