सात वाजताची एक रिंग

अक्का गेली ही बातमी मला माझ्या मुलीनं दिली. माझी सख्खी मोठी बहीण, कवठे महांकाळला एकटी राहणारी, मी साताऱ्यात. आणि कळवतेय कोण, तर पुण्यात कंपनीत काम करणारी रूथ! संध्याकाळी साडेसातला तिचा फोन आला. "आई, मावशीची रिंग आली नाही, म्हणून मी शेजारच्या सोनाबाईंना बघायला पाठवलं... आई, तू आधी बस." मी बसले. खरं सांगते, रडू फुटायच्या आधी मनात आलं ते एवढंच, की कसली रिंग?

महिना होऊन गेला. आता लिहायला बसलेय तर बहिणीचे गुण गावेत अशी अपेक्षा असणार. गाते. पण मी तिच्यावर जळत होते आणि अजूनही जळते, हे आधी सांगून टाकलेलं बरं.

दोघी एकाच घरातल्या, एकाच संध्याकाळच्या प्रार्थनेत वाढलेल्या. मी शिकून शिक्षिका झाले, आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मुलांसाठीच्या शब्बाथ शाळेची प्रमुख झाले. अक्का सातवीनंतर लग्न होऊन त्या कोरडवाहू मुलखात गेली, लवकर विधवा झाली आणि अंगणवाडीत मदतनीस म्हणून खिचडी शिजवत राहिली. माझी दोन्ही मुलं, रूथ आणि आशिष, विश्वासात वाढावीत हा माझा ध्यास. पोरांच्या हातून मोबाइल सुटत नाही ना, मग त्यातूनच पवित्र शास्त्र शिकवू म्हटलं. टॅबवर बायबलच्या वचनांची प्रश्नमंजूषा आणली. सलग तीस दिवस सोडवली की पडद्यावर तारा चमकायचा. आशिषला रोज पैकीच्या पैकी! दर रविवारी मंडळीत मी ते कौतुक सांगत फिरायचे.

मे महिन्यात मुलं अक्काकडे जायची. एका वर्षी त्यांना आणायला गेले, तर आत तिघांची प्रार्थना चाललेली. मी दारातच थांबले. अक्का म्हणत होती, "देवबापा, ह्या आशिषचं गणिताचं मास्तर लय चिडतंय. त्याचं पोट साफ हुत न्हाई बग, तेवडं तू बरं कर." रूथ खुदकन हसली. आणि मग आशिष आपणहून म्हणाला, "आणि देवबापा, मी आईला फसवतो. प्रश्न न वाचता सगळ्यात लांब उत्तरावर टिक करतो, ते बरोबरच निघतं... मला क्षमा कर."

आमच्या घरच्या प्रार्थनेत या पोरानं 'आमेन'पलीकडे कधी तोंड उघडलं नव्हतं. लबाडी माझ्याशी केलेली, आणि कबूल करायला त्याला मावशीचं घर लागलं! मला त्याच्या लबाडीचा राग आलाच नाही. राग आला तो अक्काचा. मी आत जाऊन तिलाच सुनावलं, "प्रार्थना जरा नीट करावी. मास्तरांचं पोट कसलं काढतेस?" ती शांतपणे म्हणाली, "आगं, देवाला काय पोट ठावं न्हाई व्हय?"

दफन झाल्यावर, कबरस्तानातून परतताना रूथनं रिंगचं सांगितलं. रोज संध्याकाळी सातला अक्का तिच्या बटणांच्या फोनवरून दोघांना एकेक रिंग द्यायची आणि कट करायची. म्हणजे, 'मी प्रार्थनेला हात जोडून बसले.' मुलांनी उलटी रिंग द्यायची, म्हणजे 'आम्हीही बसलो.' रूथ कॉलेजात गेल्यापासून हे चाललेलं. आशिष बंगळूरला, मीटिंगमध्ये असला तरी बाहेर येऊन द्यायचा. मी मात्र रोज सकाळी व्हॉट्सॲपवर फुलांच्या चित्रावर वचन लिहून पाठवत होते, आणि दोघांनीही माझा आवाज बंद करून ठेवला होता.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

रूथ म्हणाली, "आई... तू त्याचा ग्रुप केला असतास."

हे लागलं. पण त्याहून जास्त लागलं ते घरी आल्यावर आठवलेलं. खूप वर्षांपूर्वी अक्काची अशीच सातची रिंग मलाही यायची. मी लगेच उलट फोन करायचे, "काय गं, काय काम होतं?" ती म्हणायची, "काय न्हाई गं, असंच." चार-पाच दिवसांनी मी वैतागून म्हटलं, असंच असेल तर देत जाऊ नकोस, माझी शिकवणी असते. तिनं बंद केलं. मुलांच्या आधी मला दिलेलं होतं ते, आणि मीच परत केलं.

अक्काचा फोन रूथनं मागितला. मी दिला नाही. एवढं तरी माझ्याकडे राहू दे म्हटलं आणि चार्ज करून कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी सातला तो एकदा वाजून थांबला. रूथ. मग पुन्हा एकदा. आशिष. कपाटासमोर उभं राहून मी ऐकत होते, आणि पुन्हा जळत होते. गेल्यावरही तिलाच!

त्याच फोनवरून उलटी रिंग देणं सोपं होतं. पण अक्काच्या नावानं मला ती नको होती. मी माझ्या फोनवरून रूथला लावला. कट करायच्या आधीच तिनं घाबरून उचलला.

"आई? काय झालं?"

"काय न्हाई गं," मी म्हटलं, "असंच."

ती हळूच म्हणाली, "ठेव. परत रिंग दे."

मी ठेवला. परत लावला. एक रिंग गेली. तिनं उचलला नाही.