निळी काच

धाकटी सून घरबसल्या एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी निस्तरते. घरबसल्या म्हणजे काय, तर खोलीला खिडकी नाही, दाराला मात्र धुरकट काच, आणि त्या काचेवर अख्ख्या घराचा डोळा! दिवा डोळ्यांना खुपतो म्हणून ती स्क्रीनच्या उजेडातच बसते. काच निळी दिसली की धाकटी कामात. काळी झाली की मोकळी. मोकळी म्हणजे सगळ्यांची!

दुपारी अर्धा तास सुट्टी. उठताना स्क्रीन लॉक करायचा, असा कंपनीचा दंडक. पण तिच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर लॉक केलं की मिनिटभरात स्क्रीन विझायचा, आणि विझला रे विझला की सासूबाईंची हाक, "झालं ना गं? ये, एवढ्या घड्या घाल." पाठोपाठ दीर, "वहिनी, माझा चार्जर?" जसा काही हिनेच गिळलाय! गच्चीचा जिना दाराला लागून. वर जाऊन नुसतं उभं राहावं, कुणी काही मागू नये, एवढंच तिला हवं होतं. तेवढंही मिळेना म्हणून तिला रडू यायचं.

पॉवर सेटिंगमध्ये तिने 'स्क्रीन बंद : कधीच नाही' केलं. तरी लॉक केल्यावर विझलाच मेला! शेवटी ऑफिसातल्या सिस्टीमवाल्याला फोन लावला. तो हसला. "अहो ताई, कुलूप लावल्यावर दिवा कधी मालवायचा, त्याची ओळ खाली वेगळी आहे. तिथंही 'कधीच नाही' करा."

केलं. लॉक केलं. काच निळीच राहिली! चपला हातात घेऊन धाकटी दाराशी गेली, तोच बाहेर खुर्ची सरकली.

"शू!" सासूबाई दिराला दटावत होत्या. "बिचारीला आज सुट्टीसुद्धा नाही. बघतेच कोण हाक मारतंय." मग दाराशी तोंड आणून हळूच म्हणाल्या, "तू कर गं निवांत. मी हलत नाही इथून."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! इतक्या वर्षांत सासूबाई पहिल्यांदा तिच्या बाजूने बसल्या होत्या, आणि तिला मात्र किंचाळावंसं वाटत होतं.

"हो, आई," ती म्हणाली. चपला खाली ठेवून खुर्चीत बसली. बाहेर टकटक ऐकू यावी म्हणून पासवर्डच्या चौकटीत मनाला येईल ते टाइप करत राहिली.