पखालीचा फोटो

कोपरगावहून आत्ताच आलेय; कुणाला तरी सांगायचंय, म्हणून इथं लिहितेय.

लोकांनी संग्रहालयांना दिलेल्या वस्तूंवर मी पुस्तक लिहिलंय. त्यात कोपरगावच्या रशीदचाचांनी तिथल्या छोट्या संग्रहालयाला दिलेली त्यांच्या अब्बांची पखाल आहे. चामड्याच्या त्या पिशवीतून अब्बा घरोघरी पाणी पोचवायचे.

आज चाचांना पुस्तक दिलं आणि मी हौसेनं त्यांना त्या संग्रहालयात घेऊन गेले. कपाटात नुसता खिळा! "बुरशी लागली हुती, टाकून दिली," तिथला माणूस म्हणाला.

चाचांनी पुस्तकातला फोटो नाकाशी धरला.

"वास न्हाई येत, ताई. अब्बाच्या पाठीला तिचाच वास असायचा."

पुस्तक त्यांनी मलाच परत दिलं.

शेवटच्या पानावर मी लिहिलंय, घरातल्या जुन्या वस्तू संग्रहालयाला द्या.

द्याल तुम्ही?