ऑक्सिजनवरचा प्लस

"पूर्ण गठ्ठाच कॉपीचा आहे," उमाठे सर म्हणाले. "रिमार्क लिहा मॅडम, मी सही करतो."

सत्तरच्या दशकातला मे महिना. नागपुरातल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये बी.एस्सी.च्या केमिस्ट्रीचं व्हॅल्यूएशन चाललं होतं. उमाठे सर चीफ एक्झामिनर, मी त्यांच्या हाताखाली पेपर तपासणारी. पेपर उडतात म्हणून पंखे बंद. सगळ्यांचीच डोकी तापलेली.

गठ्ठ्यावर सेंटरचं नाव नसतं, नुसता कोड असतो. पण रिमार्क लागला की अख्ख्या सेंटरचा निकाल अडकतो आणि पोरांचं वर्ष जातं. एवढं माहीत असताना माझा हात लिहायला धजेना.

प्रश्न होता कार्बन मोनॉक्साइडची रेझोनन्स स्ट्रक्चर्स काढण्याचा, आणि त्यातलं मुख्य कोणतं ते फॉर्मल चार्जसकट दाखवण्याचा. सरांच्या मॉडेल आन्सरमध्ये कार्बन आणि ऑक्सिजनमध्ये दोन बंध होते, चार्ज शून्य. या गठ्ठ्यात मात्र झाडून सगळ्यांनी तीन बंध काढलेले. कार्बनवर मायनस, ऑक्सिजनवर प्लस.

"ऑक्सिजन म्हणजे इलेक्ट्रॉन ओढणारा गडी. त्याच्यावर प्लस काहून येईल? एकानं लिहिलं, बाकीच्यांनी उतरवलं."

इथे थोडं समजावून सांगते. रेणूचं खरं रूप एका चित्रात मावत नाही, तेव्हा आम्ही दोन-तीन चित्रं काढतो. तीच रेझोनन्स स्ट्रक्चर्स. रेणू काही या चित्रातून त्या चित्रात उड्या मारत नाही. नाक आईचं आणि डोळे बापाचे असले म्हणून पोरगी सकाळी आई आणि संध्याकाळी बाप होत नाही. फॉर्मल चार्ज हा तर नुसता वाटणीचा हिशेब. एका बंधात दोन इलेक्ट्रॉन, ते दोन अणूंना अर्धे-अर्धे द्यायचे, मोकळे ज्याचे त्याला, आणि मूळच्या संख्येशी ताडून पाहायचं. जास्त आले तर मायनस, कमी पडले तर प्लस. कोण किती ओढतो ते यात धरतच नाहीत.

पोरं बरोबर होती, याची मला खात्री होती. पण चीफला तोंडावर सांगायचं कसं? मी आधी पेपर उघडून त्यांच्यापुढे पसरले. एकीनं टिंबं काढून मोजलं होतं, दुसऱ्यानं फुल्या मारून. एकानं वजाबाकी उलटी करून कार्बनला प्लस दिला होता, मग खोडून सुधारला होता.

"सर, कॉपीत खाडाखोड अशी वेगवेगळी नसते."

"पण पोचले तर चुकीच्याच जागी ना!"

"एकदा मोजून तर पाहा जी."

सरांनी चिडूनच पेन्सिल घेतली. "कार्बनचे मूळचे चार. तीन बंधांतले तीन, मोकळे दोन, झाले पाच. मायनस एक." पेन्सिल हळू झाली. "ऑक्सिजनचे सहा. त्यालेही पाचच मिळून राहिले. प्लस एक." मग एकदम मान वर करून म्हणाले, "पण माह्या चित्रात तर चार्जच नाही! ते मुख्य काहून नाही?"

"तुमच्या चित्रात बंधातले सगळे धरूनही कार्बनभोवती सहाच इलेक्ट्रॉन आहेत सर. आठ पाहिजेत, आणि चार्जच्या आधी ते पाहायचं. चित्र चूक नाही, पण मुख्य मान या पोरांच्या चित्राला."

सर पुन्हा मोजत बसले. शेवटी ते उठले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माहं उत्तर चुकलं. हा प्रश्न सगळ्यांनी पुन्हा तपासा."

तपासून बांधलेले गठ्ठे सोडावे लागले. हॉलभर माझ्या नावानं बोटं मोडली गेली असतील. मला मात्र इतका आनंद झाला की हसू लपवता येईना.

तो गठ्ठा रिमार्कशिवाय गेला. सेंटर कोणतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे मीही चीफ एक्झामिनर झाले. एकसारखी उत्तरं दिसली की नवे तपासनीस माझ्याकडे धावत यायचे, "कॉपी आहे मॅडम!" म्हणत. मी म्हणायची, "थांब गा. कोणी शिकवलंही असेल."