लाल गळ्याचा सरडा आणि कामठ्याची रंजिता

ज्याने मोराला पिसारा दिला, त्यानेच सरड्याच्या गळ्याला लाली दिली. मग एकापुढे हात जोडावेत आणि दुसऱ्यावर काठी उगारावी, हे कोणत्या भक्तीत बसते? कीर्तनात हा प्रश्न विचारताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या कामठ्याची रंजिता उभी राहते.

धानाची शेती करणाऱ्या शालीकरामांची ही लेक २००८ साली गोंदियाला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करीत होती. सरड्यांत नर मोठा का आणि मादी लहान का, हा तिचा विषय. एकदा देवळाच्या पायरीवर तिने मला तो उलगडून सांगितला. नराच्या शरीरात एक संप्रेरक पाझरते; तेच त्याच्या गळ्याला रंग चढवते आणि तेच त्याच्या हाडामांसाला वाढ देते. पण सरड्यांच्या काही जातींत तेच संप्रेरक नराची वाढ रोखून धरते आणि तिथे मादी मोठी होते. थेंब एक, आज्ञा निराळी! मी चिपळ्या खाली ठेवून ऐकत राहिलो. त्या लीलाधराचे असे निरूपण मला कोणत्याही फडावर ऐकायला मिळाले नव्हते.

रंजिता सकाळी बापाच्या बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतात, जाई. बांबूच्या टोकाला दोऱ्याचा सरकफास लावून धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, सरडा अलगद पकडी, त्याची लांबी मोजी आणि त्याला सोडून देई. पण काही जुळेना. तिच्या मापांत नर आणि मादी सारखेच भरत, आणि लाल गळ्याचा तर एकही सापडेना. प्राध्यापकांनी स्पष्ट सांगितले, "मोजमाप चुकते आहे. विषय बदला, नाहीतर वर्ष जाईल."

त्याच आठवड्यात बेशरमच्या झुडपामागे तिला वाळलेल्या सरड्यांचा ढीग दिसला. सगळ्यांची डोकी मोठी, जबडे भरदार. सगळे नर! शालीकराम जवळच पाणी वळवीत होते.

"बाबा, हे कोण मारलं गा?"

"मीच मारलो. हा लाल गळ्याचा दुरूनच मानसाचं रगत ओढते. तू रोज इथं बसतेस, पाह्य, कशी वाळून गेलीस! म्हणून तू यायच्या आधी मी धुरा साफ करून ठेवतो."

"मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगतो त तू मारू देली असतीस का?"

रंजिताला हसू आले आणि रडूही. "बाबा, तो कोणाचं रगत पेत नाही गा. त्याच्याच रगतात जे वाहून राहिलं, त्यानं त्याचा गळा लाल होते आन् अंग मोठं होते. मोठा झाला का लाल होते, लाल झाला का तू मारतेस. मंग माह्या फासात लहानेच येतीन ना!"

शालीकरामांनी फावडे टेकवले. "म्हंजे तुही परीक्षा मीच बुडवलो म्हण."

"बुडाली नाही अजून. तू काठी ठेव फक्त."

तिने तो ढीग प्राध्यापकांना दाखवला. त्यांनी आणखी एक हंगाम दिला.

आणि काय सांगावे त्या बापाचे! पुढच्या रोवणीला साऱ्या बाया चिखलात वाकलेल्या असताना, शेजारच्या धुऱ्यावरून भैय्यालाल काठी घेऊन धावत आला. पाहतो तर लाल गळ्याचा भला मोठा सरडा शालीकरामांच्या मुठीत, आणि रंजिता पट्टी लावून त्याला मोजते आहे.

"अबे शालीक, पागल झाला का? फेक त्याले, रगत पेऊन टाकंल!"

शालीकरामांची मूठ सैल झाली नाही. "कवाचा धरून आहो. पेला असता त आतापर्यंत पडलो असतो ना मी! काठी खाली ठेव. माह्या पोरीचं काम चालून राहिलं."

बाया हसल्या. काठी खाली आली.

त्या हंगामात नर माद्यांहून मोठे भरले, आणि लाल गळ्याचे सर्वांत मोठे. रंजिताचा प्रबंध मान्य झाला. कामठ्याची छाती फुगली, आणि माझीही.

आजही कीर्तनात मी तो पहिला प्रश्न विचारतो, तेव्हा उत्तराची वाट पाहावी लागत नाही. पुरुषांच्या मागच्या ओळीतून एक खणखणीत आवाज येतो:

"रगत नाही पेत जी तो! मी हातात धरलो आहो!"