ढेकळातली दहा पावलं

पोलीस भरतीत मी दुसऱ्यांदा नापास झाले आणि घरात माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली. त्या कटकटीतून तीन दिवस सुटका हवी होती, म्हणून मी माजलगावच्या शिबिरात स्वयंसेवक झाले. खोटं कशाला बोलू! मंगल कार्यालयात शिबिर होतं. पाय गमावलेल्यांना तिथं फुकट कृत्रिम पाय बसवून देत होते. माझं काम सोपं होतं: पाय बसवलेल्या माणसाला फरशीवर दहा पावलं चालवायचं आणि फॉर्मवर ‘चालतात’ या शब्दापुढं खूण करायची.

दुसऱ्या दिवशी एक बाई आली. उसाच्या ट्रॉलीखाली तिचा डावा पाय गुडघ्याखालून गेला होता. ती दहा पावलं चालली, मी खूण केली आणि "पुढचे या" म्हणून ओरडले. पण ती जागची हलेना.

"ताई, हितं चालले. पण उसाच्या फडात चालंल का ह्यो पाय?"

"कावून नाही चालणार?" मी खेकसले. मला जेवायची घाई झाली होती.

तिनं शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडं बघितलं. नववीतली पोर, शाळेच्याच गणवेशात आलेली. आमच्याकडं ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं जातात. बाई उभी राहिली नाही, तर दसऱ्यानंतर आईच्या जागी ही पोर बापाबरोबर निघणार होती. शाळा खलास. "हिच्या बापानं मुकादमाला तसं सांगूनबी ठेवलंय," बाई म्हणाली.

मग कसलं जेवण न् कसलं काय! कार्यालयामागं नुकतंच नांगरलेलं रान होतं, तिला तिथं नेलं. तिसऱ्या पावलाला पाय ढेकळात अडकला आणि ती तोंडावर पडली. ओठ फुटला. पोर रडायला लागली. आणि माझ्या फॉर्मवर ती मजेत ‘चालतात’! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज वाटली की मी दुसऱ्यावर चिडते, ही माझी जुनी खोड. तशीच आत गेले आणि पाय बनवणाऱ्या काकांवर तोंड सोडलं.

"काका, हिच्या रानात फरशी घातलीय का?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "ओरडता झकास येतं तुला. कानस धरता येते का?"

दुपारभर तेच चाललं. काका पायाचा कोन बदलायचे, मी टोचणारी कड कानशीनं घासायची, मग बाई पुन्हा रानात. "मला विचारू नकोस, तिला विचार. पाय तिचा हाय," काका सारखे म्हणायचे. पाचव्या खेपेला तिनं ढेकळातून दहा पावलं टाकली, वळली आणि दहा पावलं परत आली. पोर मोठ्यानं मोजत होती. माझे हात कानशीच्या भुशानं पांढरे झाले होते आणि सकाळपासून मला भरतीची आठवणसुद्धा आली नव्हती.

शिबिर संपल्यावर काकांनी एका कोऱ्या फॉर्ममागं, हे काम कुठं शिकवतात ते लिहून दिलं. घरी महाभारत झालं, पण मी गेलेच. काकांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

शिकून बीडला कामाला लागले, त्याच वर्षी ती बाई आली. तोच पाय, रबर फाटलेलं, वरून टायरची पट्टी बांधलेली.

"काय ही दशा केलीय! जरा जपून वापरायचा ना," मी रागावले.

"पाच हंगाम फडात होता, ताई. घरी ठिवला असता तर नवाच ऱ्हायला असता. पर मग ही गेली असती," ती म्हणाली. दारात तिची मुलगी उभी होती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे म्हणे. बाईनं माझे हात धरले, "लई उपकार झाले तुमचे." डोळे पुसत मी कानस शोधत राहिले.

माझे कसले उपकार? त्या दिवशी ती मुकाट्यानं फरशीवरून हलली असती, तर मी जेवायला गेले असते.